मनगटावरचीं दोन बोटें

गेल्या पावसाळ्यांतील एका रात्रीची हकीकत प्रथम सांगतों आणि मग विषयाकडे वळतों. मी उलवे येथें राहतों. भातखाचरें व खाजणें होतीं तेथें सिडकोनें वसविलेली ही नवी मुंबईची वस्ती. रात्रीचे साडेदहा वाजले होते, पावसाची संततधार चालू होती, आणि दारावरची घंटा एकसारखी वाजूं लागली. दार उघडून पाहतों तों शेजारच्या मास्तरांची मुलगी उभी. "काका, लवकर चला. बाबांच्या हातांतून रक्त येतंय, थांबतच नाहीं," एवढेंच ती म्हणाली.

मास्तर म्हणजे आमचे शेजारी, गणिताचे निवृत्त शिक्षक, वय सत्तरीच्या घरांत. त्याच दिवशीं सकाळीं मुंबईच्या एका रुग्णालयांत त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, म्हणजे ज्याला आतां घरोघरीं अँजिओग्राफी म्हणतात ती झाली होती. उजव्या मनगटांतून बारीक नळी घालून ती करण्यांत आली आणि संध्याकाळीं मास्तर मोटारीनें सागरी सेतूवरून घरीं परतले. जेवण झालें. वर्षानुवर्षांच्या संवयीप्रमाणें ते जमिनीवर बसून जेवले आणि उठतांना उजवा तळहात फरशीवर टेकून त्यांनीं अंगाचा सारा भार त्याच्यावर दिला. त्याच क्षणीं मनगटावरच्या चिकटपट्टीखालून रक्त वाहूं लागलें.

मी आंत गेलों तेव्हां मास्तर खुर्चीवर बसले होते, चेहरा पांढरा पडला होता. हाताभोंवतीं टॉवेल गुंडाळलेला. त्याच्या आधींचे दोन भिजून जमिनीवर पडलेले. वहिनी हळदीचा डबा घेऊन उभ्या होत्या. मुलगा कोपराच्या वर रुमाल आवळून बांधीत होता. त्या खोलींत चार माणसें होतीं, तीन टॉवेल होते, हळद होती, घाई तर होतीच होती. ज्या छिद्रांतून रक्त येत होतें त्या छिद्रावर मात्र कोणाचें बोट नव्हतें. मीं टॉवेल काढला, रुमाल सोडविला, कापसानें जागा टिपली. मसुराच्या डाळीएवढें देखील नसेल असें छिद्र दिसलें. त्याच्यावर व त्याच्या किंचित् वरच्या बाजूस दोन बोटें ठेवून दाबलें. रक्त तत्काळ थांबलें. पुढें पंधरा मिनिटें घड्याळ समोर ठेवून मी तसाच बसून राहिलों.

आतां पंधरा मिनिटें मुकाट्यानें बसणें हा शिक्षकाचा धर्म नव्हे. चेहऱ्यावर थोडा रंग आल्याबरोबर मास्तरांनीं विचारलें, "डॉक्टर, तीन टॉवेलांना जें जमलें नाहीं तें दोन बोटांना कसें जमलें?" त्या प्रश्नाचें उत्तर हाच आजच्या माझ्या भाषणाचा विषय. पूर्वीं अशा तपासणीनंतर रोगी रुग्णालयांतच राही आणि त्याच्याकडे पाहण्यास परिचारिका असे. आज पुष्कळ रोग्यांना संध्याकाळींच घरीं सोडतात. नळी घालणें हें डॉक्टरांचें काम. परंतु त्या कामाचा शेवटचा अंश, छिद्र शांतपणें बुजूं देण्याचा, आतां तुमच्या आमच्या घरांत पार पडतो.

प्रथम ही जागा कोणती तें पाहूं. आपल्या मनगटाच्या आंगठ्याकडील कडेस बोटें ठेवलीं तर खालीं ठोके लागतात. शार्ङ्गधरसंहितेच्या काळापासून आपल्याकडील वैद्य तीन बोटें ठेवून नाडी पाहत आले ती हीच जागा, आणि ज्या रक्तवाहिनींतून ती नळी जाते ती हीच नाडी. डॉक्टर तिला रेडियल धमनी म्हणतात. करंगळीच्या बाजूस तिची जोडीदार आहे, ती अल्नर धमनी. दोघी तळहातांत जाऊन कमानीसारख्या एकमेकींस मिळतात. त्यामुळें एकीचा प्रवाह अडला तरी बहुधा दुसरी हाताचें पोषण करते. निसर्गानें केलेली ही दुहेरी सोय नसती तर मनगटांतून हृदयापर्यंत जाण्याचें धाडस कोणी केलें नसतें.

घरगुती बोलण्यांत आपण सगळ्याच रक्तवाहिन्यांना 'शीर' म्हणतों, आणि येथेंच पहिला घोटाळा होतो. रक्त तपासण्यासाठीं कोपराच्या खळगींतून काढतात तें खऱ्या शिरेंतून. तें काळसर, संथ, बोळा धरला कीं दोन मिनिटांत थांबणारें. धमनीची गोष्ट निराळी. तींतील रक्त लालभडक असतें आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्याची चिळकांडी उडूं शकते. त्या रक्ताला किती जोर असतो हें इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकानें घोडीच्या धमनींत नळी बसवून व तिला उंच कांचेची नळी जोडून पाहिलें होतें. १७३३ साली त्यानें तो प्रयोग प्रसिद्ध केला. रक्त आठ फुटांहून उंच चढलें होतें. माणसाचा वरचा रक्तदाब १२० धरला तर तो पाण्याचा पांच फुटांहून उंच स्तंभ पेलूं शकतो. असा जोर मागें असतांना छिद्रावर नुसतें फडकें गुंडाळणें म्हणजे फुटलेल्या नळावर पंचा टाकण्यासारखें आहे. पंचा भिजतो, नळ वाहतच राहतो.

मास्तरांना हें पटलें, पण त्यांना आंकडा हवा होता. म्हणून आम्हीं तेथेंच ढोबळ हिशेब केला. १२० चा दाब म्हणजे एका चौरस सेंटिमीटरावर सुमारें १६३ ग्रॅम भार. एका बोटाच्या पेराखालीं दोन चौरस सेंटिमीटर जागा येते असें धरलें तर तिच्यावर सुमारें एक तृतीयांश किलो भार दिला कीं हिशेब चुकता होतो. उलट, टॉवेल सगळ्या मनगटाभोंवतीं असतो. मनगटाचा घेर १७ सेंटिमीटर व टॉवेलाची रुंदी १० सेंटिमीटर धरा. १७० चौरस सेंटिमीटर झाले. तितक्या जागेवर तोच दाब आणावयाचा तर सत्तावीस-अठ्ठावीस किलो भार लागेल. शिवाय टॉवेल रक्त शोषून घेतो आणि किती वाहिलें तें झांकून ठेवतो. तो घट्ट गुंडाळला कीं घरच्या मंडळींना कांहीं तरी केल्याचें समाधान मिळतें, आणि तेवढ्या वेळांत दुसरा टॉवेल भिजतो.

बोटाच्या बाजूनें आणखी एक गोष्ट आहे. मनगटांत या धमनीच्या अगदीं खालीं हाड आहे. त्यामुळें बोट आणि हाड यांच्यामध्यें धमनी चिमटींत सांपडते. जांघेंत तें इतकें सोपें नाहीं. तेथें धमनी खोल आणि मांसांत दडलेली असते. पूर्वीं हृदयाच्या बहुतेक तपासण्या जांघेंतूनच होत. मागाहून रोग्यास कित्येक तास पाय न हलवितां उताणें पडावें लागे, जांघेवर वाळूची पिशवी ठेवीत, आणि इतकें करूनहि रक्त कधीं कधीं आंतल्या आंत पोटाच्या मागच्या बाजूस सांठे, वर थेंबहि न दिसतां. मनगटांतला रक्तस्राव भयंकर दिसतो, पण तो दिसतो, हाच त्याचा मोठा गुण होय.

मनगटाच्या वाटेचा इतिहास फारसा जुना नाहीं. १९२९ साली जर्मनींतील एबर्सवाल्ड येथें व्हेर्नर फोर्समान नांवाच्या तरुण डॉक्टरानें स्वतःच्याच हाताच्या शिरेंतून नळी हृदयापर्यंत नेली आणि तशाच स्थितींत चालत जाऊन क्ष-किरणांनीं तिचें चित्र घेतलें. त्याबद्दल त्याला १९५६ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला, पण तत्पूर्वीं अनेक वर्षें उपेक्षाच पदरीं पडली. धमनीच्या बाजूनें मनगटाची वाट रुळविण्याचें श्रेय माँट्रिअल येथील ल्युसियन कांपो यांचें; त्यांनीं १९८९ साली या मार्गानें केलेल्या शंभर तपासण्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १९९२ मध्यें ॲमस्टरडॅमच्या फर्डिनंड किमेनाय यांनीं याच वाटेनें हृदयाची अरुंद झालेली धमनी फुगवून रुंद केली. पुढें २०१५ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकांत ८,४०४ रुग्णांवरील एक मोठा युरोपीय अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यांत जांघेपेक्षां मनगटाची वाट धरल्यास रक्तस्राव कमी होतो आणि मृत्यूहि कमी होतात, असें त्यांत दिसून आलें. एवढ्याशा छिद्राची जागा बदलल्यानें माणसें वांचावीं, ही गोष्ट मला अजूनहि नवलाची वाटते.

छिद्र म्हटलें खरें. पण धमनीच्या मानानें तें लहान नाहीं. या नळ्यांचें माप 'फ्रेंच' या परिमाणांत सांगतात. पॅरिसच्या शारिएर नांवाच्या हत्यारें बनविणाऱ्या कारागिरानें एकोणिसाव्या शतकांत तें घालून दिलें. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. नेहमींच्या सहा फ्रेंचच्या आवरणनळीचा आंतला व्यास दोन मिलिमीटरांहून थोडा अधिक आणि बाहेरचा अडीचच्या आसपास. आपली मनगटांतील धमनी दोन ते तीन मिलिमीटर. म्हणजे नळी धमनीला जवळजवळ भरून टाकते. तशांत ती धमनींत असतांना तिच्याभोंवतीं रक्त गोठूं नये म्हणून हेपारिन नांवाचें औषध देतात. ज्याला स्टेंट बसविला त्याला ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला दुसरी एक गोळी चालू असते. रक्त थांबविण्याचें शरीराचें काम तीन टप्प्यांनीं चालतें. रक्तवाहिनी आकसते, मग प्लेटलेट नांवाच्या सूक्ष्म चकत्या छिद्रावर चिकटून बूच तयार करतात, मग फायब्रिनचे धागे त्या बुचाला विणून पक्कें करतात. वरच्या गोळ्या दुसऱ्या टप्प्याला आणि हेपारिन तिसऱ्या टप्प्याला मुद्दाम मंद करतात. म्हणून भाजी चिरतांना बोट कापलें असतां जें रक्त दोन मिनिटांत थांबतें, तोच न्याय येथें लावूं नये. हेपारिनचा जोर कांहीं तासांत ओसरतो. गोळ्यांचा परिणाम कित्येक दिवस टिकतो.

वहिनींच्या हळदीबद्दल दोन शब्द बोलणें प्राप्त आहे, कारण त्या हें भाषण ऐकत असतील. रक्त थांबविण्याचे उपाय शोधण्यांत आपले पूर्वज मागें नव्हते. सुश्रुतानें संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार प्रकार सांगितले आहेत, म्हणजे कडा सांधणें, गोठविणें, सुकविणें आणि शेवटीं डाग देणें. परंतु स्वयंपाकघरांतल्या हळदीची कीर्ति झाली ती बारीक कापण्यावर, जेथें रक्त आपोआप थांबणारच होतें. धमनीच्या छिद्रांत हळद, कॉफीची पूड, दंतमंजन यांतलें कांहींहि भरूं नये. पूड रक्ताबरोबर वाहून जाते, छिद्र दिसेनासें होतें, आणि राहिलेला अंश जखम दूषित करतो. नळाखालीं हात धरूं नये. जमूं लागलेली गुठळी पाण्यानें निघून जाते. कोपराच्या वर रुमाल आवळणें तर दुहेरी घाताचें. सैल बांधला तर शिरांतून परतणारें रक्त अडतें, धमनींतून येणारें अडत नाहीं, आणि रक्तस्राव उलट वाढतो. घट्ट बांधला तर सगळ्या हाताचें पोषण बंद पडतें.

मग करावें काय? रोग्याला बसवावें, घेरी येत असेल तर निजवावें. मनगट हृदयाच्या पातळीपेक्षां उंच धरावें. एक फूट उंच धरलें तरी तेथला दाब पाऱ्याच्या वीस-पंचवीस मिलिमीटरांनीं उतरतो. पट्टी, टॉवेल, बांगडी, घड्याळ जें कांहीं आड येत असेल तें दूर करून छिद्र डोळ्यांनीं पाहावें. त्यावर स्वच्छ कापडाची एक लहान घडी ठेवून, किंवा तीहि नसेल तर धुतलेलीं नुसतीं बोटें ठेवून, दाबावें. सुई तिरपी आंत जाते, म्हणून धमनीवरचें छिद्र कातडीवरच्या छिद्राच्या नेमकें खालीं नसून किंचित् कोपराच्या बाजूस असतें. दोन बोटें अशीं ठेवावींत कीं दोन्ही छिद्रें त्यांखालीं यावींत. शेजारीं कोणी नसेल तर रोग्यानें स्वतःच्या दुसऱ्या हातानें हें करावें. घरांत एकटा असलेल्या माणसानें प्रथम दार शोधूं नये, दूरध्वनि शोधूं नये. प्रथम बोट ठेवावें.

आणि मग वेळ द्यावा. येथें बहुतेकांचें धैर्य सुटतें. मिनिटाभरानें बोट उचलून 'थांबलें का' म्हणून पाहण्याचा मोह अनावर असतो. प्रत्येक वेळीं बोट उचललें कीं अर्धवट जमलेलें बूच सुटतें आणि हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. निदान दहा, बरें म्हणजे पंधरा मिनिटें घड्याळ लावून बोट हलवूं नये. रक्त थांबल्यावर स्वच्छ पट्टी लावावी, हात दोन-तीन तास उशीवर स्वस्थ ठेवावा, आणि थांबलें म्हणून गप्प न बसतां ज्या रुग्णालयांत तपासणी झाली तेथें कळवावें.

दहा मिनिटें नीट दाबूनहि रक्त येतच असेल, किंवा प्रथमपासूनच जोराची चिळकांडी उडत असेल, तर दाबलेलें बोट न काढतां दुसऱ्या कोणाकडून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रोग्यानें स्वतः वाहन चालवूं नये. उलव्यासारख्या ठिकाणीं हें विशेष सांगावयास हवें. बामणडोंगरीची व खारकोपरची स्टेशनें २०१८ पासून आहेत. २०२४ च्या जानेवारींत सागरी सेतूहि सुरू झाला. तरी मध्यरात्रीच्या पावसांत बेलापूर किंवा नेरूळ गांठावयाचें तर खाडी ओलांडावी लागते, आणि सेतूवर दुचाकीला व रिक्षाला मज्जाव आहे. अशा वेळीं घरची मंडळी वाहनाच्या शोधांत धांवतात आणि हाताकडे कोणीच पाहत नाहीं. वाहन येईपर्यंत आणि वाहनांतहि, अगदीं रुग्णालयाच्या दारापर्यंत, बोट तेथेंच हवें.

इतका वेळ मी 'दाबा, दाबा' म्हणत आलों. आतां याच्या उलट बाजूची गोष्ट सांगतों. माझ्या मतें साऱ्या विषयांतील ती सर्वांत शिकण्यासारखी आहे. नळी काढल्यावर रुग्णालयांत मनगटावर प्लॅस्टिकचा एक पारदर्शक पट्टा बांधतात. त्यांत हवेची लहानशी पिशवी असते आणि ती पिचकारीनें फुगवितात. साधारणपणें तेरा ते अठरा घनसेंटिमीटर हवा पुरते. पट्टा पारदर्शक कां? छिद्र सतत दिसावें म्हणून. आपल्या टॉवेलाचा दोष त्यांत नाहीं. प्रथम प्रथम डॉक्टर हा पट्टा घट्ट आवळून कित्येक तास तसाच ठेवीत. रक्त थांबे, मनगट कोरडें दिसे, सारे संतुष्ट होत. परंतु कांहीं रोग्यांत नंतर नाडी हातास लागेना. दाब इतका होता कीं धमनींतला प्रवाहच थांबून तिच्यांत गुठळी जमली होती आणि वाट कायमची बंद झाली होती. करंगळीच्या बाजूची धमनी हात सांभाळी, म्हणून रोग्याला बहुधा पत्ताहि लागत नसे.

अमेरिकेंतील डॉ. समीर पंचोली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ साली ४३६ रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमींप्रमाणें घट्ट दाब दिला. उरलेल्यांत दाब हळूहळू असा कमी केला कीं छिद्रांतून रक्त बाहेर येऊं नये, पण धमनींतून तें पुढें वाहत राहावें. दुसऱ्या दिवशीं धमनी बंद झालेल्यांचें प्रमाण पहिल्या गटांत शेंकडा बारा, दुसऱ्यांत शेंकडा पांच. महिन्यानंतर पहिल्यांत शेंकडा सात, दुसऱ्यांत शेंकडा दोनहूनहि कमी. प्रवाह चालू आहे कीं नाहीं हें पाहण्याची युक्तीहि सोपी आहे. कोरोनाच्या सांथीमुळें घरोघरीं पोंचलेलें तें प्राणवायु मोजण्याचें चिमट्यासारखें यंत्र आंगठ्याला लावतात आणि करंगळीच्या बाजूची धमनी बोटानें दाबून धरतात. तरीहि यंत्रावर ठोक्यांची लाट दिसली, तर नाडीची वाट खुली आहे. न दिसली, तर पट्ट्यांतली थोडी हवा सोडतात.

एक धमनी बंद झाली तर बिघडलें काय, असें कोणी विचारील. हात चालतो हें खरें. परंतु पुढें पुन्हा तपासणी करावी लागली तर ही वाट गेलेली असते. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया करतांना शल्यवैद्य कधीं कधीं हीच धमनी काढून हृदयावर जोडतात. तीहि सोय जाते. मूत्रपिंडें निकामी झालेल्यांना रक्तशुद्धीसाठीं मनगटावरच जोडणी करावी लागते. तिचाहि प्रश्न येतो. सत्तरीच्या माणसाला या तिन्हींपैकीं कशाची गरज पडणार नाहीं असें कोण सांगूं शकेल? म्हणून रुग्णालयांत पट्टा फार आवळलेला वाटला, बोटें निळीं किंवा बधिर झालीं, तर संकोच न करतां परिचारिकेस सांगावें. आणि रक्त येईल या भीतीनें पट्टा 'राहूं द्या आणखी थोडा वेळ' असा आग्रह नातेवाइकांनीं धरूं नये. घरीं मात्र पहिल्या मिनिटाला हा सूक्ष्म विचार करीत बसूं नये. रक्त थांबेल इतकें अवश्य दाबावें. थांबल्यानंतर त्याहून अधिक जोर लावण्याचें कारण नाहीं. मनगटाभोंवतीं घट्ट पट्टी आवळून रात्रभर झोंपणें तर सर्वथा वर्ज्य.

मास्तरांना रुग्णालयानें एक छापील कागद दिला होता. तो इंग्रजींत होता आणि औषधांच्या पिशवींत घडी करून पडला होता. त्यांत मनगट वांकवूं नये, त्यावर भार देऊं नये, जड वस्तु उचलूं नये, असें सारें लिहिलें होतें. परंतु आपल्या घरांत भार म्हणजे काय हें त्या कागदाला कसें कळावें? आपल्याकडे भार म्हणजे पाण्याची बादली, कपडे पिळणें, पोळ्या लाटणें, नारळ खवणें, कुकरचें घट्ट झांकण फिरविणें, लोकलमधील कडी धरून लोंबणें, आणि सर्वांत मुख्य म्हणजे जमिनीवरून हाताच्या रेट्यानें उठणें. पहिले दोन-तीन दिवस तरी हीं कामें त्या हातानें करूं नयेत, आणि स्टेंट बसविला असल्यास डॉक्टर सांगतील तितके दिवस. स्कूटर बंद. एक दिवस पट्टी भिजवूं नये. रक्तदाब मोजावयाचा तर दुसऱ्या हातावर. हलक्या हातानें जेवण्यास हरकत नाहीं. खुर्चीवर बसून जेवावें इतकेंच.

कांहीं लक्षणें रक्त न दिसतांहि घातक असतात. मनगटाभोंवतीं निळें-जांभळें होऊन आठ-पंधरा दिवसांत पिवळें पडत जाणें हें साधें होय. पण हाताचा पुढला भाग फुगूं लागला, टणक झाला, ताणल्यासारखा दुखूं लागला, बोटांना मुंग्या येऊं लागल्या किंवा तीं पांढरीं, गार पडलीं, तर रक्त आंतल्या आंत सांठून स्नायूंना व मज्जातंतूंना दाबत आहे असें समजावें. येथें मिनिटें मोलाचीं असतात. सकाळची वाट पाहूं नये. तसेंच कांहीं दिवसांनीं छिद्राच्या जागीं ठोक्यागणिक उडणारी गांठ दिसली, तर ती फोडण्याचा किंवा शेंकण्याचा उद्योग न करतां डॉक्टरांस दाखवावी.

आणखी एक चूक त्या रात्रीं होतां होतां टळली. मास्तरांचा मुलगा म्हणाला, "रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या उद्यांपासून बंदच करूं या." मास्तरांना स्टेंट बसविला नव्हता, तरी गोळी चालू होती. ज्यांना नवा स्टेंट बसविला आहे त्यांनीं अशा भीतीनें गोळी सोडली, तर स्टेंटमध्येंच गुठळी जमून हृदयविकाराचा झटका येण्याचें भय असतें. मनगटाचें रक्त बोटानें थांबवितां येतें. हृदयांतली गुठळी बोटानें काढतां येत नाहीं. गोळी कमी करावयाची, बदलावयाची कीं तशीच चालू ठेवावयाची, हें फक्त डॉक्टरांनीं ठरवावें. मीं त्या रात्रींच त्यांच्या डॉक्टरांना दूरध्वनि केला. त्यांनीं गोळी चालू ठेवण्यास व सकाळीं हात दाखविण्यास सांगितलें.

आठवड्यानंतर मास्तर माझ्याकडे आले. मीं त्यांची करंगळीच्या बाजूची धमनी दाबून धरली. आंगठा व तळहात गुलाबीच राहिले, आणि यंत्रावरची लाट नीट उठत होती. वाट खुली होती. मग त्यांनीं खिशांतून एक कागद काढून तपासण्यासाठीं माझ्यापुढें ठेवला. रुग्णालयाच्या इंग्रजी कागदांतल्या सूचना त्यांनीं मराठींत उतरविल्या होत्या, बादली व पोळपाट घालून, आणि खालीं आमचा तो चौरस सेंटिमीटरांचा हिशेब. आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर, उद्वाहनाच्या शेजारीं, तो आतां लावलेला आहे. मजकूर मास्तरांचा, अक्षर मुलीचें. कारण त्या आठवड्यांत उजव्या मनगटाला लिखाणाचेहि श्रम द्यावयाचे नाहींत असें वहिनींनीं ठरविलें होतें.